त्यातले तीन तुकडे माझे

माझ्या धाकट्या जावेचं कोणी कौतुक केलं की माझ्या पोटात दुखतं. हे मी लपवत नाही. लपवायला गेले तरी माझ्या चेहऱ्यावर ते आधीच उमटलेलं असतं, असं नवऱ्याचं म्हणणं आहे.

जाऊ धार जिल्ह्यातल्या मनावर गावची, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. लग्न होऊन देवासला आमच्या घरात आली तेव्हा तिचं एम.एस्सी. झालेलं होतं आणि चहात आलं किती घालतात ते तिला माहीत नव्हतं. आता ती हैदराबादला एका प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ आहे. माणसाच्या पेशीत मायटोकाँड्रिया असतात, त्यांच्यातली श्वसनाची एन्झाइमं कशी जुळून तयार होतात, यावर ती काम करते. आल्याचा अंदाज तिला अजूनही आलेला नाही.

मी देवासच्या एका शाळेत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. माहेर धारचं. धारच्या कॉलेजात प्राणिशास्त्रात मी पहिली आले होते आणि पुढे संशोधन करावं असं मलाही वाटत होतं. पण त्याच वर्षी देवासचं स्थळ आलं, पाठोपाठ शाळेतली नोकरी आली, आणि दोन्ही चांगली निघाली. त्यामुळे मला तक्रार करायलासुद्धा जागा राहिली नाही.

तिला प्रयोगशाळा मिळाली आणि मला फळा, हे मी एक वेळ गिळलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी तिने माझ्या मुलीलाच ओढायला सुरुवात केली. मुलगी तेव्हा नुकतीच बी.एस्सी. झाली होती. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की तिने देवासलाच बी.एड. करायचं, माझ्याच शाळेत नाही तर शेजारच्या शाळेत लागायचं, आणि दुपारचा डबा आम्ही दोघींनी मिळून खायचा. काकूने फोनवर तिला सांगितलं की माझ्याकडे ये, वर्षभर लॅबमध्ये काम कर, पुढचं पुढे बघू. त्या दिवसापासून मुलीचे पाय जमिनीवर नव्हते. मी नाही म्हणत नव्हते आणि हो तर मुळीच म्हणत नव्हते. महालक्ष्म्यांना काकू येणारच आहे, तेव्हा समोरासमोर बोलू, असं म्हणून मी विषय ढकलत राहिले.

इथे माझ्या एका लाडक्या गोष्टीबद्दल सांगायला हवं. मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतात, बापाकडून येत नाहीत. बारावीच्या वर्गात हे सांगताना माझा आवाज आपोआप चढतो. मुलगी लहान असताना सासरची माणसं तिला निरखून नाक अमक्याचं, कपाळ तमक्याचं असं वाटून घ्यायची, आणि माझ्या वाट्याला काहीच ठेवायची नाहीत. तेव्हा मी तिला मांडीवर घेऊन म्हणायचे, "नाक त्यांचं असू दे. श्वास माझा आहे." पुढे तिलाही ते पाठ झालं. कोणी विचारलं की ती छातीवर हात ठेवून सांगायची, श्वास आईचा. मला त्याचा फार अभिमान होता.

त्या वर्षी भाद्रपदात जाऊ आली. आमच्याकडे गौरी म्हणत नाहीत, महालक्ष्म्या म्हणतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोघी उभ्या करायच्या. लोखंडी तिवई, तिच्यावर पत्र्याची कोठी, कोठीच्या पोटात गहू आणि तांदूळ, मग हात, मग साडी, आणि सगळ्यांत शेवटी पितळी मुखवटा. घराची एक रीत आहे. मुखवटा उंबऱ्यातून आत आणला की तो मानेवर बसेपर्यंत कुठेही टेकवायचा नाही, जमिनीवर नाही आणि पाटावरही नाही. तो हातातून हातात जातो. म्हणून साडी नेसवली जात असताना एक बाई मुखवटा धरून उभी राहते आणि साडी झाली की स्टुलावर चढलेलीच्या हातात देते. सासूबाई गेल्यापासून मुखवटा मी धरते. स्टुलावर मुलगी असते. साडीला शेजारच्या भाभी यायच्या.

त्या वर्षी साडीला जाऊ बसली. तिने निऱ्या बऱ्या काढल्या होत्या, खोटं कशाला बोलू. पण मुलगी स्टुलावरून तिच्याशी जे हसत होती, ते मला सहन होईना. मी म्हटलं, पदर तिरका आहे, परत. तिने सोडून पुन्हा नेसवली. मी म्हटलं, निऱ्या कोठीच्या मधोमध नाहीत. तिने पुन्हा सोडली. मुखवटा माझ्या हातात, तो जड, माझी मनगटं भरून आलेली, पण मी काही देईना. नवरा दारात येऊन घड्याळ बघून गेला.

"आई, आता बस कर ना," मुलगी म्हणाली. "मुहूर्त निघून जाईल."

मी दिला. तिने तो मानेवर बसवला, आणि जाऊ जमिनीवर बसल्या बसल्या वर पाहत म्हणाली की हे तर अगदी आमच्या लॅबमधल्यासारखं आहे. मग पुरणाची डाळ शिजेपर्यंत तिने मुलीला सगळं समजावलं आणि मी पाठमोरी राहून कान तिकडे ठेवले.

ती सांगत होती की आपण घेतलेला ऑक्सिजन ज्या एन्झाइमपाशी पोचून शेवटी पाणी होतो, ते एन्झाइम म्हणजे एक वस्तू नाही, डझनभराहून जास्त तुकडे आहेत. त्यातले बहुतेक पेशीच्या केंद्रकाच्या हुकमाने बाहेर बनतात आणि मायटोकाँड्रियाच्या आत नेले जातात. थोडेच आत बनतात. सगळे एकदम येऊन चिकटत नाहीत. आधी एक, मग त्याला दुसरा, असा क्रम असतो, आणि क्रम चुकला तर पेशी अर्धवट झालेलं मोडून टाकते. मध्ये तांबं बसवायचं असतं. मोकळं तांबं पेशीला घातक, म्हणून ते कधी मोकळं सोडत नाहीत. एक प्रथिन दुसऱ्याच्या हातात देतं, दुसरं तिसऱ्याच्या. "मुखवट्यासारखं," जाऊ म्हणाली. "टेकवायचा नाही." आणि ही जुळवाजुळव करणारी जी मदतनीस प्रथिनं असतात, ती तयार झालेल्या एन्झाइममध्ये राहत नाहीत. काम झालं की बाजूला होतात.

माझ्या अंगाची लाही झाली. ती चुकत होती म्हणून नाही. वीस-बावीस वर्षं मी वर्गात मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीचं वीजघर एवढंच घोकवत आले. महालक्ष्म्या माझ्या, रीत माझी, मनगटं माझी दुखत होती, आणि हे सुचलं तिला. मला का नाही सुचलं?

मुलीने मध्येच विचारलं, "काकू, आत जे बनतात, ते आईचे ना?"

"हो. या एन्झाइममधले तीन," जाऊ म्हणाली. "बाकीचे केंद्रकातले. आईबापाचे दोघांचे."

"म्हणजे आई, तुझे फक्त तीन," मुलगी हसत माझ्याकडे वळून म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. मी डाळ घोटत होते, ती जरा जास्तच घोटली गेली. इतक्या वर्षांचा माझा श्वास त्या दोघींनी मिळून स्वयंपाकघरात तीन तुकड्यांवर आणला होता. पुस्तकात हे मी वाचलेलं नव्हतं असं नाही. पण वाचलेलं आणि आपल्या मुलीच्या तोंडून ऐकलेलं, यांत फरक असतो.

त्या तीन दिवसांत माझ्याने विषय काढवला नाही. मुलीनेही काढला नाही, पण ती काकूच्या मागे मागे फिरत होती आणि आंबील वाढतानासुद्धा तिच्या तोंडी प्रोटीन होतं. जेवायला आलेल्या सवाष्णी माझ्या पुरणपोळीचं कौतुक करत होत्या. मला एरवी ते आवडतं.

विसर्जनानंतर जाऊ आणखी काही दिवस राहिली, कारण धारच्या कॉलेजने तिला भाषणाला बोलावलं होतं. माझ्या कॉलेजने. मनावरची मुलगी शास्त्रज्ञ झाली याचं त्यांना अप्रूप होतं. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण मुलगी लॅपटॉप सांभाळायला जाणार म्हणून मीही गाडीत बसले. ज्या हॉलमध्ये मला बक्षीस मिळालं होतं त्याच हॉलमध्ये मी तिसऱ्या रांगेत बसले. रंग नवा होता आणि खुर्च्या बदलल्या होत्या. प्राचार्यांनी तिची ओळख मनावर की बेटी, देवास की बहू अशी करून दिली. देवासची थोरली सून समोरच बसली आहे हे त्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं.

जाऊ हिंदीत बोलली, मध्येच माळवीत एखादं वाक्य टाकून तिने पोरांना हसवलं. आणि मग तिने आमच्या महालक्ष्म्या काढल्या. तिवई, कोठी, धान्य, साडी, मुखवटा. पोरं टक लावून ऐकत होती. माझ्या घरातली देवी ती धारच्या स्टेजवर उभी करत होती आणि बाजूला माझी मुलगी एकेक चित्र पुढे सरकवत होती. दोघींचं इतकं जमलेलं होतं की जाऊने मान हलवायच्या आत चित्र बदलायचं. स्टुलावर उभी राहून माझ्या हाताकडे बघणारी मुलगी आता तिच्या मानेकडे बघत होती.

मग तिने काही आजारी मुलांबद्दल सांगितलं. कातडीच्या चिमूटभर पेशी तपासल्या की दिसतं, एन्झाइमचा प्रत्येक तुकडा जागच्या जागी बनतोय, फक्त जुळवणारं एक मदतनीस प्रथिन बिघडलेलं आहे. तेवढ्याने एन्झाइम उभं राहत नाही, आणि ते मूल बसायला, गिळायला, श्वास घ्यायला दमतं. मला त्या क्षणापुरता तिचा हेवा वाटला नाही. ती हे काम करते ते बरं आहे, असं प्रामाणिकपणे वाटलं.

पण पुढे ती म्हणाली की सगळ्यांत आधी येतो तो आईच्या डीएनएतून बनलेला एक तुकडा. सगळं एन्झाइम त्याच्याभोवती उभं राहतं. (हे तिने स्वयंपाकघरात का सांगितलं नाही, असं माझ्या मनात आलं.) तो तुकडा नवा असताना कच्चा असतो, एकटा टिकत नाही, म्हणून एक प्रथिन त्याला धरून ठेवतं. ते नसेल तर पेशी त्या तुकड्याची विल्हेवाट लावते. पण ते प्रथिन गरजेपेक्षा जास्त झालं तर काय होतं, तर ते त्याला सोडतच नाही. तुकडा सुरक्षित राहतो आणि एन्झाइम पुढे बनतच नाही, तिथेच अडकून बसतं. हे सांगताना ती थांबली, पाणी प्यायली, आणि मला वाटलं तिने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं.

परतताना घाटाबिल्लोदला चहाला थांबलो. ड्रायव्हर माळवी ढंगात कोणाला तरी भिया भिया, म्हणजे भैया भैया, करत फोनवर बोलत होता, मुलगी कचोरी आणायला गेली होती. आम्ही दोघी मागच्या सीटवर बसून होतो.

"ते धरून ठेवणारं प्रथिन," मी म्हटलं, "ते तू मला ऐकवत होतीस?"

ती अहो वहिनी, छे, असं काही म्हणेल आणि मग मला दोन शब्द सुनावता येतील, अशी माझी तयारी होती.

"हो वहिनी," ती म्हणाली. "घरी बोलायची हिंमत होत नव्हती. तिथे हातात माइक होता."

एवढ्या वर्षांत ती मला उलटून कधी बोलली नव्हती. मी ग्लासातला चहा हलवत बसले. मग माझ्यातलीच शाळेतली बाई मदतीला आली. मी विचारलं, "आणि लवकर सोडलं तर?"

"तर तो तुकडा मोडतो."

"मग सोडायची वेळ झाली हे त्याला कसं कळतं?"

"तेच तर शोधतोय, वहिनी," ती म्हणाली. "नीटसं अजून कळलेलं नाही."

ते उत्तर मला फार आवडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माहीत नसलेली गोष्ट तिलाही माहीत नव्हती. तेवढ्यात मुलगी कचोऱ्या घेऊन आली आणि आमची तोंडं बघून तिने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, हैदराबादला थंडी किती पडते ते विचारत होते. ती कचोरी हातात धरून तशीच उभी राहिली, आणि मग गाडीच्या दारातच तिने मला मिठी मारली. माझ्या साडीला तेल लागलं.

ती दिवाळीनंतर गेली. मी मोठ्या मनाने पाठवलं असं नातेवाईक म्हणतात. मोठं मन वगैरे काही नव्हतं. तिचा फोन आला की त्यात "काकू म्हणते, काकू म्हणते" किती वेळा येतं इकडे मी लक्ष ठेवायचे, आणि फोन ठेवल्यावर भांडी आपटायचे. तिथे जाऊन ती कॉफी प्यायला लागली. आमच्या घरात कॉफी कोणी पीत नाही. जाऊ तिच्या केसांना तेल लावून देते हे ऐकलं त्या दिवशी मी वर्गात पोरांवर विनाकारण ओरडले. प्रयोग फसला की मुलगी रडायची कोणापाशी? तिच्यापाशी. मला ते दुसऱ्या दिवशी कळायचं, हसत सांगितलेलं. तिला काम कुठलं मिळालं होतं, तर त्याच धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचं. मला त्याच्याबद्दल सांगताना ती फार जपून बोलायची, आणि ते जपून बोलणंही मला खुपायचं.

पुढच्या भाद्रपदात दोघी एकत्र आल्या. दोघींच्या हातात एकसारख्या पिशव्या होत्या. मी मात्र या वेळी ठरवून टाकलं होतं. कोणाला बोट दाखवायला जागा द्यायची नाही. पदर तिरका असो, निऱ्या कुठेही असोत, मी अडवणार नाही, आणि मुखवटा मागायच्या आधी देऊन मोकळी होईन. वर्षभर त्या प्रथिनावर काम करून आलीय ना, मग बघू दे आईला सोडता येतं की नाही.

ज्येष्ठेचा मुखवटा मी उंबऱ्यातून आत आणला. जाऊने साडी नेसवायला घेतली. मुलगी स्टुलावर चढली. मी मुखवटा धरून उभी होते आणि एक अक्षर बोलत नव्हते. शेजारच्या भाभी म्हणाल्या, आज दीदी एकदम चूप. जाऊने शेवटची पिन लावली, पदर खांद्यावर ओढला, आणि मी दोन्ही हात वर करून मुखवटा मुलीच्या हातात दिला.

म्हणजे मला वाटलं, दिला. तिचे हात अजून ज्येष्ठेच्या गळ्याशी होते, ती पदराची चुणी सरळ करत होती. माझी बोटं सुटली होती आणि पितळेला कुंकवाचा ओला हात लागलेला होता. मुखवटा सटकला. जाऊ जमिनीवर गुडघ्यांवर होती, तिने खालून दोन्ही तळवे लावले, मुलीने वाकून वरून धरला, आणि मी पुन्हा मधून पकडला. भाभींनी तोंडावर हात ठेवला. तिवई हलली, कोठीतले गहू आत सरकल्याचा आवाज आला, आणि सगळं जागच्या जागी थांबलं.

"वहिनी, इतकं लवकर नाही," जाऊ खालून म्हणाली. तिचा श्वास लागला होता.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते संतापाने. धरलं तर धरते म्हणून बोलता, सोडलं तर लवकर सोडलं म्हणून बोलता. "मग केव्हा ते तरी सांगा कोणीतरी," मी म्हटलं. "वर्षभर दोघी तेच करताय ना?"

जाऊने आपले हात हळूच काढून घेतले आणि मागे सरकली. मुलगीही सरळ झाली. मुखवटा पुन्हा एकट्या माझ्या हातात राहिला. मुलीने ज्येष्ठेचा पदर नीट केला, हार बाजूला घेतला, मानेचा खुंट एकदा चाचपून पाहिला.

"मी सांगते ना, आई," ती म्हणाली. "मी बोलेन तेव्हा सोड. तोपर्यंत धर."

मी धरला. जाऊ खाली बसून माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला बरोबर ओळखता आलं, कारण ते रोज मी आरशात बघते.

मुलीने चुणी पुन्हा एकदा सरळ केली, खरं तर ती सरळच होती. हात पुसले. पुढे केले. पण सांगायला तिने जरा वेळच लावला.